उपग्रहाच्या डेटाशी काम सुरू करताना: शोधण्यापासून साठवण्यापर्यंत लागणारे शब्द

पृथ्वीचं उपग्रहांनी केलेलं निरीक्षण आज कुणालाही घरबसल्या मिळतं. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये अवकाशात गेला आणि २००८ मध्ये त्या मालिकेचं सगळं भांडार मोफत खुलं झालं. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचा डेटा तर सुरुवातीपासूनच खुला आहे. डेटा मिळवणं ही आता अडचण राहिलेली नाही. मिळालेली फाइल नेमकी काय आहे, हे ओळखताना मात्र नवखा माणूस अडखळतो.

माझं ठाम मत आहे की नवशिक्यांचे चुकीचे निकाल बहुतेक वेळा सूत्र चुकल्यामुळे येत नाहीत. फाइल कोणत्या पातळीवरची, कोणत्या आवृत्तीची आणि तिच्यातल्या आकड्याचा अर्थ काय, हे न बघता गणित सुरू केल्यामुळे ते येतात. म्हणून खालचे शब्द कोशासारखे अकारविल्हे न देता, काम करताना ज्या क्रमाने समोर येतात त्या क्रमाने घेतले आहेत. उदाहरण म्हणून एकच काम धरू: एका पट्ट्यातली शेती गेल्या काही वर्षांत किती हिरवी होती, हे बघायचं आहे.

पायरी १: उपग्रह आणि सेन्सर निवडा

उपग्रह म्हणजे वाहन, आणि त्यावर बसवलेलं उपकरण म्हणजे सेन्सर. एका उपग्रहावर अनेक सेन्सर असू शकतात. टेरा या उपग्रहावर मोडिस आहे, तसा अॅस्टरही आहे, आणि दोघांचा डेटा पूर्णपणे वेगळा असतो. म्हणून नोंद करताना फक्त 'टेराचा डेटा' असं लिहू नका, सेन्सरचं नाव लिहा.

सेन्सर निवडताना 'रिझोल्यूशन' हा शब्द चार अर्थांनी भेटतो. एक पिक्सेल जमिनीवरचा किती भाग व्यापतो, ते स्थानिक रिझोल्यूशन: सेंटिनेल-२ चे काही बँड (प्रकाशाचे वेगळे मोजलेले पट्टे) १० मीटरचे, काही २० चे, काही ६० चे आहेत, लँडसॅट ८ आणि ९ चे बहुतेक बँड ३० मीटरचे. तीच जागा पुन्हा किती दिवसांनी दिसते, ते कालिक रिझोल्यूशन: सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावर ५ दिवसांनी, तर लँडसॅट ८ आणि ९ मिळून ८ दिवसांनी. प्रकाशाचे किती आणि किती अरुंद पट्टे वेगळे मोजले जातात, ते वर्णपटीय रिझोल्यूशन: सेंटिनेल-२ ला १३ बँड, मोडिसला ३६. आणि उजेडातला किती बारीक फरक टिपता येतो, ते रेडिओमेट्रिक रिझोल्यूशन, जे बिटमध्ये सांगतात: लँडसॅट ८ ला १२ बिट, लँडसॅट ९ ला १४.

हे चारही एकाच सेन्सरमध्ये उत्तम मिळत नाहीत. मोडिसचा पट्टा २,३३० किलोमीटर रुंद असल्यामुळे तो जवळजवळ रोज सगळी पृथ्वी बघतो, पण त्याचा पिक्सेल २५० मीटर ते १ किलोमीटरचा आहे. एवढ्या पिक्सेलमध्ये कितीतरी शेतं एकत्र मिसळतात. सेन्सर टिपतो त्या पट्ट्याच्या रुंदीला 'स्वाथ' म्हणतात. सेंटिनेल-२ चा स्वाथ २९० किलोमीटर, लँडसॅटचा १८५. आपल्या कामाला सेंटिनेल-२ योग्य. मात्र २०१५ च्या आधीची वर्षं हवी असतील तर लँडसॅटकडेच जावं लागतं, कारण सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये सुटला.

पायरी २: प्रतिमा कशी कापली आहे ते बघा

उपग्रह न थांबता एक लांब पट्टी टिपत जातो. ती पट्टी वाटण्यासाठी तिचे तुकडे करावे लागतात, आणि प्रत्येक संस्था ते आपल्या पद्धतीने करते.

लँडसॅटच्या तुकड्याला 'सीन' म्हणतात. तो सुमारे १८५ गुणिले १८० किलोमीटरचा असतो आणि त्याचा पत्ता 'पाथ' आणि 'रो' या दोन आकड्यांत दिला जातो. सध्याच्या पद्धतीत पाथ २३३ आणि रो २४८ आहेत. सेंटिनेल-२ चा तुकडा म्हणजे 'टाइल'. ती चौरस असते, बाजू ११० किलोमीटरच्या जवळपास, आणि तिचं नाव लष्करी नकाशांच्या जागतिक जाळीवरून ठरतं: आधी दोन अंकी झोन, मग तीन अक्षरं. मोडिसच्या मूळ पट्टीचा पाच मिनिटांचा तुकडा म्हणजे 'ग्रॅन्युल'. त्याच डेटाची नकाशावर बसवलेली रूपं मात्र १० अंश गुणिले १० अंशाच्या टाइलमध्ये येतात. ग्रॅन्युल हा शब्द 'साठ्यातला सर्वांत लहान स्वतंत्र तुकडा' अशा सर्वसाधारण अर्थानेही वापरला जातो, त्यामुळे तो दिसला की कोणत्या संस्थेचं पान वाचतो आहोत ते आधी बघा.

सेंटिनेल-२ च्या बाबतीत एक गोष्ट लगेच वहीत लिहून ठेवा. टाइलची जाळी १०० किलोमीटरची, पण टाइल त्याहून मोठी. त्यामुळे शेजारच्या टाइल एकमेकींवर जवळपास १० किलोमीटर चढतात. तुमचा पट्टा त्या सामाईक भागात असेल, तर एकाच दिवसाचं एकच निरीक्षण दोन फाइलमध्ये येईल. सरासरी काढताना ते दोनदा मोजलं जाऊ नये.

पायरी ३: प्रक्रियेची पातळी ओळखा

इथे थोडं थांबून वाचा, कारण पुढचं बरंच काही यावर उभं आहे.

उपग्रहाकडून जमिनीवर येणारा प्रवाह थेट वापरता येत नाही. त्यावर टप्प्याटप्प्याने प्रक्रिया होते आणि प्रत्येक टप्प्याला 'लेव्हल' म्हणतात. नासाच्या व्याख्येनुसार लेव्हल ० म्हणजे दळणवळणाच्या खुणा काढून नीट जुळवलेला कच्चा डेटा. लेव्हल १ मध्ये त्याला वेळ, जागा आणि मोजमापाची दुरुस्ती जोडली जाते. लेव्हल २ म्हणजे त्यावरून काढलेली भौतिक राशी, उदाहरणार्थ जमिनीचं परावर्तन किंवा समुद्राचं तापमान, पण अजून मूळ निरीक्षणाच्याच जागेवर आणि बारकाव्यावर. लेव्हल ३ मध्ये ती राशी एकसारख्या जाळीवर आणि ठरावीक कालखंडात बसवली जाते. लेव्हल ४ म्हणजे अनेक मोजमापं प्रारूपात घालून काढलेला निष्कर्ष.

पण हे आकडे सगळीकडे तंतोतंत सारखे नसतात. सेंटिनेल-२ ची लेव्हल-१सी फाइल आधीच नकाशावर बसवलेली, उंचसखल जमिनीमुळे येणारा तिरपेपणा काढलेली असते. मोडिसची लेव्हल १ तशी नसते. म्हणून 'लेव्हल १ आहे, म्हणजे नकाशावर बसणार नाही' असं गृहीत धरू नका. प्रत्येक मोहिमेच्या माहितीपुस्तिकेत त्या लेव्हलची व्याख्या असते, ती एकदा वाचाच.

आपल्या कामात लेव्हलचा फरक असा पडतो. पिक्सेलमध्ये साठवलेल्या पूर्णांकाला 'डिजिटल नंबर' म्हणतात. त्याला स्वतःचं एकक नसतं. दुरुस्तीचे गुणांक लावले की त्यातून 'रेडिअन्स' मिळते, म्हणजे सेन्सरपर्यंत पोहोचलेली प्रकाशऊर्जा. सूर्याचा कोन आणि अंतर हिशेबात घेतलं की 'परावर्तन' मिळतं: पडलेल्या प्रकाशाचा किती हिस्सा परत आला. यातही दोन प्रकार आहेत. वातावरणाच्या माथ्यावर मोजलेलं परावर्तन, ज्यात धूलिकण, बाष्प आणि हवेने विखुरलेला प्रकाश मिसळलेला असतो. आणि पृष्ठभागाचं परावर्तन, ज्यातून वातावरणाचा परिणाम काढलेला असतो. सेंटिनेल-२ ची लेव्हल-१सी पहिल्या प्रकारची, लेव्हल-२ए दुसऱ्या.

वेगवेगळ्या तारखांची तुलना करायची तर पृष्ठभागाचं परावर्तन घ्या. धुरकट दिवसाची लेव्हल-१सी आणि स्वच्छ दिवसाची लेव्हल-२ए शेजारी ठेवली, तर दिसणारा फरक पिकाचा की हवेचा, हे सांगता येणार नाही.

पायरी ४: आवृत्ती तपासा

नवशिक्यांच्या लेखांत या पायरीला एखादं वाक्य मिळतं. मला वाटतं सगळ्यात जास्त जागा तिलाच द्यायला हवी.

उपग्रहाने एकदा टिपलेलं निरीक्षण बदलत नाही, पण त्यावर प्रक्रिया करणारी पद्धत सुधारत जाते. मग संस्था जुना डेटा नव्या पद्धतीने पुन्हा तयार करते. याला 'पुनर्प्रक्रिया' म्हणतात. एकाच पद्धतीने तयार केलेल्या सगळ्या डेटाच्या संचाला लँडसॅटमध्ये 'कलेक्शन' म्हणतात. सध्या कलेक्शन २ चालू आहे, जी डिसेंबर २०२० मध्ये आली. मोडिसमध्येही आवृत्तीला कलेक्शनच म्हणतात. सेंटिनेल-२ मध्ये तोच अर्थ 'प्रोसेसिंग बेसलाइन' सांगते, आणि तिचा आकडा फाइलच्या नावातच असतो: 'एन' अक्षरापुढे ०५०० दिसलं, तर बेसलाइन ५.००.

या आकड्याने काय बिघडू शकतं, ते हिशेबानेच बघू. सेंटिनेल-२ मध्ये परावर्तन १०,००० ने गुणून पूर्णांकात साठवतात. २५ जानेवारी २०२२ पासून बेसलाइन ४.०० लागू झाली आणि साठवलेल्या आकड्यात १,००० ची भर पडू लागली. अगदी गडद जागी परावर्तन शून्याच्या खाली गेलं तरी ते कापलं जाऊ नये, असा त्यामागचा चांगला हेतू होता. त्यामुळे त्यानंतरच्या फाइलमध्ये आधी १,००० वजा करायचे आणि मग १०,००० ने भागायचं. या भरीला 'ऑफसेट' म्हणतात आणि भागाकाराच्या आकड्याला 'स्केल'.

समजा हिरव्यागार शेताच्या पिक्सेलमध्ये नव्या फाइलमध्ये निकट-अवरक्त (लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) बँडचा आकडा ४,००० आणि लाल बँडचा १,५०० आहे. ऑफसेट वजा केला तर परावर्तन ०.३० आणि ०.०५. हिरवाई सांगणारा वनस्पती निर्देशांक म्हणजे दोघांची वजाबाकी भागिले बेरीज: ०.२५ भागिले ०.३५, म्हणजे ०.७१. ऑफसेट विसरलात तर तेच परावर्तन ०.४० आणि ०.१५ धरलं जातं आणि निर्देशांक येतो ०.२५ भागिले ०.५५, म्हणजे ०.४५. शेत तेच, दिवस तोच. पण तुमच्या आलेखात २०२२ च्या सुरुवातीला सगळा पट्टा अचानक वाळलेला दिसेल, आणि त्याचं कारण म्हणून तुम्ही पाऊस, कीड, पाणी असं काहीही शोधत बसाल.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. काही सेवा हा ऑफसेट आधीच वजा करून एकसारखा केलेला डेटा देतात. तिथे पुन्हा वजा केलात तर उलटी चूक होते. त्यामुळे ठिकाण बदललं की एका ओळखीच्या पिक्सेलवर हिशेब करून बघा: खोल स्वच्छ पाण्याचं परावर्तन लाल बँडमध्ये शून्याच्या जवळ यायला हवं. ते ०.१ च्या आसपास येत असेल, तर ऑफसेट अजून आत आहे.

लँडसॅटच्या कलेक्शन २ मध्ये पृष्ठभागाच्या परावर्तनाचा हिशेब वेगळा आहे: साठवलेल्या आकड्याला ०.००००२७५ ने गुणायचं आणि ०.२ वजा करायचे. म्हणजे १०,००० हा आकडा लँडसॅटमध्ये ०.०७५ सांगतो आणि सेंटिनेल-२ च्या नव्या फाइलमध्ये ०.९. पहिला दाट गडद झाडीचा असू शकतो, दुसरा ढगाचा. दोन्ही उपग्रहांचे आकडे एका तक्त्यात घालण्याआधी दोघांचं परावर्तनात रूपांतर झालेलंच असायला हवं.

लँडसॅटमध्ये 'टिअर' हाही शब्द भेटेल. टिअर १ च्या सीनची जागेतली चूक १२ मीटर किंवा त्याहून कमी असते. टिअर २ त्या कसोटीला उतरलेले नसतात. वर्षानुवर्षांचा बदल मोजायचा असेल तर टिअर १ वरच राहा.

पायरी ५: कॅटलॉगमध्ये शोधा

आता शोधायला सुरुवात करू. डेटा ठेवलेला असतो तो साठा म्हणजे 'आर्काइव्ह', आणि त्यात काय आहे हे सांगणारी सूची म्हणजे 'कॅटलॉग'. कॅटलॉगमध्ये प्रतिमा नसतात. तिथे प्रतिमेविषयीची माहिती असते, तिलाच 'मेटाडेटा' म्हणतात. सेंटिनेलसाठी कोपर्निकस डेटा स्पेस, लँडसॅटसाठी अर्थएक्सप्लोरर, नासाच्या डेटासाठी अर्थडेटा, भारतीय उपग्रहांसाठी भूनिधी अशी ठिकाणं आहेत. बहुतेक ठिकाणी खातं उघडावं लागतं, ते मोफत असतं.

शोधताना तुम्ही जागेची चौकट देता, तारखा देता आणि ढगांची मर्यादा देता. ढगांच्या टक्केवारीविषयी एक सल्ला: ती संपूर्ण टाइलची असते. ८ टक्के ढग असलेल्या टाइलमध्ये ते ८ टक्के नेमके तुमच्या पट्ट्यावर असू शकतात आणि ६० टक्के ढगाळ टाइलमध्ये तुमचा पट्टा लख्ख दिसू शकतो. मर्यादा फार कडक ठेवली तर पावसाळ्यातली उपयोगी निरीक्षणं हातची जातात. मी ती सैल ठेवून पुढे पिक्सेलवार गाळणं पसंत करते. 'क्विकलुक' म्हणजे छोटी, कमी बारकाव्याची झलक. मोठी फाइल उतरवण्याआधी ती बघणं फायद्याचं असतं.

तारीख आणि वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत असते. स्थानिक वेळेशी जुळवताना काही ठिकाणी दिवसच बदलतो, तेव्हा शेतातल्या नोंदीशी मेळ घालताना हे तपासा.

अलीकडे 'स्टॅक' हे नाव सारखं कानावर येतं. जागा आणि काळ यांनुसार डेटाची सूची कशी लिहावी, याचा हा एक सामाईक संकेत आहे. त्यात चार थर असतात. सगळ्यात वर 'कॅटलॉग', त्यात एकसारख्या डेटाची 'कलेक्शन', तिच्यात एकेका निरीक्षणाची नोंद म्हणजे 'आयटम', आणि आयटममध्ये प्रत्यक्ष फाइलींचे दुवे म्हणजे 'अॅसेट'. एका सेंटिनेल-२ टाइलचा एका दिवसाचा आयटम असेल तर लाल बँड हा एक अॅसेट, निकट-अवरक्त दुसरा, ढगांचा थर तिसरा. याचा मोठा फायदा असा की एका संस्थेसाठी लिहिलेला शोधाचा कोड थोड्याच बदलाने दुसरीकडे चालतो. इथली कलेक्शन आणि लँडसॅटची कलेक्शन २ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं ध्यानात ठेवा: एक सूचीतला गट, दुसरी प्रक्रियेची आवृत्ती.

शोधात एकाच टाइलची, एकाच क्षणाची दोन उत्तरं आली तर घाबरू नका. बहुधा त्यातली एक पुनर्प्रक्रिया केलेली असते. नावातली बेसलाइन बघा आणि नवी घ्या. पण मग संपूर्ण मालिकेसाठी तोच नियम लावा.

पूर, वणवा यांसारख्या तातडीच्या कामासाठी 'निकट-तात्काळ' डेटा मिळतो. नासाची लान्स ही व्यवस्था अनेक उत्पादनं निरीक्षणानंतर ३ तासांच्या आत देते. निरीक्षण आणि उपलब्धता यांतल्या या अंतराला 'लेटन्सी' म्हणतात. घाईत दिलेल्या डेटात काही दुरुस्त्या अंदाजाने केलेल्या असतात, म्हणून दीर्घकालीन अभ्यासात तो मिसळू नये.

पायरी ६: उतरवा आणि पडताळा

आकाराचा अंदाज आधी घ्या. सेंटिनेल-२ च्या १० मीटर बँडमध्ये १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेल असतात, म्हणजे १२ कोटींहून अधिक. प्रत्येकाला २ बाइट धरले तर एकच बँड दाबून लहान न करता सुमारे २४१ मेगाबाइटचा होतो. वर्षभराच्या सगळ्या तारखा, सगळे बँड उतरवायला निघालात तर डिस्क भरायला वेळ लागणार नाही.

म्हणूनच 'क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ' हा प्रकार महत्त्वाचा. ही साधी जिओटिफ, म्हणजे नकाशावरची जागा सोबत ठेवणारी प्रतिमेची फाइलच असते, पण आतून लहान चौकोनांत लावलेली आणि कमी बारकाव्याच्या प्रती सोबत ठेवलेली. त्यामुळे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून फक्त तुमच्या पट्ट्यापुरता भाग मागवू शकतं, सगळी फाइल उतरवावी लागत नाही. लँडसॅट कलेक्शन २ याच प्रकारात मिळते. सेंटिनेल-२ चं मूळ उत्पादन 'सेफ' नावाच्या फोल्डरच्या रचनेत, आत जेपीईजी २००० प्रतिमांसह येतं. त्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं किंवा जागा बदलू नका, कारण मेटाडेटा त्यांचा पत्ता धरून असतो. मोडिस एचडीएफ या प्रकारच्या फाइलमध्ये येतो, सेंटिनेल-३ नेटसीडीएफमध्ये. झार हा प्रकार मोठ्या, अनेक तारखांच्या चौकटींसाठी वापरला जातो.

फाइल पूर्ण आणि जशीच्या तशी आली का, हे 'चेकसम' सांगतो. फाइलच्या मजकुरावरून काढलेली ही अक्षरांची ठरावीक माळ असते. संस्थेने दिलेली माळ आणि तुमच्या संगणकावर काढलेली माळ जुळली की फाइल शाबूत. अर्धवट उतरलेली फाइल कधीकधी उघडते, चित्रही दाखवते आणि खालचा भाग मुकाट्याने रिकामा सोडते. त्यामुळे दिसण्यावर विसंबू नका.

पायरी ७: निरुपयोगी पिक्सेल बाजूला काढा

'नोडेटा' म्हणजे निरीक्षणच नाही असं सांगणारा आकडा. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट कलेक्शन २ च्या परावर्तनात तो ० असतो. तो सरासरीत गेला तर सगळा निकाल खाली ओढला जातो. आणि स्केल-ऑफसेट लावल्यावर तो ० राहतही नाही, म्हणून नोडेटा आधी बाजूला काढा, गणित नंतर.

मग 'मास्क', म्हणजे नको असलेले पिक्सेल झाकणारी चाळण. सेंटिनेल-२ च्या लेव्हल-२ए मध्ये प्रत्येक पिक्सेल कशाचा आहे, हे सांगणारा वर्गीकरणाचा एक थर असतो: ३ म्हणजे ढगाची सावली, ४ वनस्पती, ५ उघडी जमीन, ६ पाणी, ८ आणि ९ ढग, १० विरळ उंच ढग, ११ बर्फ. आपल्या कामात ४ आणि ५ ठेवायचे, बाकीचे गाळायचे. फक्त ४ ठेवलात तर कापणीनंतरची सगळी शेतं गायब होतील आणि वर्षभर हिरवाई असल्याचा भास होईल. ढगाची सावली गाळायला बरेच जण विसरतात. ती शेताला गडद करते आणि ढगापेक्षा ओळखायला अवघड असते.

लँडसॅटचा गुणवत्तेचा थर बिटांमध्ये लिहिलेला असतो. तिथे २१,८२४ सारखा विचित्र आकडा दिसेल. तो मोजमाप नाही. त्याच्या द्विमान रूपातला प्रत्येक बिट वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बिट ३ ढग, बिट ४ ढगाची सावली, बिट ५ बर्फ, बिट ६ स्वच्छ, बिट ७ पाणी. २१,८२४ मध्ये बिट ६ चालू आहे आणि ढग, सावली, बर्फ, पाणी बंद, म्हणजे स्वच्छ जमीन. अशा थराची सरासरी काढणं किंवा त्याला गुळगुळीत करणं निरर्थक आहे.

जुने सीन वापरताना लँडसॅट ७ पासून जपा. ३१ मे २००३ ला त्याचा स्कॅन लाइन करेक्टर बंद पडला आणि तेव्हापासून प्रत्येक सीनचा सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी रिकामा आहे. स्कॅन लाइन करेक्टर या उपकरणाच्या भागाचं लघुरूप एसएलसी. रडार उपग्रह सेंटिनेल-१ च्या एका उत्पादनाचं लघुरूपही एसएलसीच, ज्यात लहरीची तीव्रता आणि कला (फेज) दोन्ही साठवलेल्या असतात. आणि वर सांगितलेल्या सेंटिनेल-२ च्या वर्गीकरणाच्या थराला एससीएल म्हणतात. तीन लघुरूपं, तीन वेगळ्या गोष्टी. चर्चेत कुणी यातलं एक उच्चारलं, तर कोणत्या उपग्रहाबद्दल बोलणं चाललंय ते निःसंकोच विचारा.

पायरी ८: सगळं एका जाळीवर आणा

प्रत्येक फाइल एखाद्या 'निर्देशांक प्रणाली'त, म्हणजे जमिनीवरची जागा आकड्यांत सांगण्याच्या पद्धतीत असते (वनस्पती निर्देशांकाशी तिचा संबंध नाही). अक्षांश-रेखांशाच्या नेहमीच्या प्रणालीचा ईपीएसजी (अशा प्रणालींच्या यादीतला) क्रमांक ४३२६. सेंटिनेल-२ आणि बहुतेक लँडसॅट यूटीएम या प्रणालीत येतात, जिथे पृथ्वी ६-६ अंशांच्या ६० झोनमध्ये विभागलेली आहे आणि अंतर मीटरमध्ये मोजतात. तुमचा पट्टा दोन झोनच्या सीमेवर असेल तर शेजारच्या टाइल वेगवेगळ्या झोनमध्ये येतील. काम सुरू करण्याआधीच एक झोन ठरवा. क्षेत्रफळ अंशांमध्ये काढू नका.

एका जाळीवरून दुसऱ्या जाळीवर पिक्सेल नेण्याला 'रिसॅम्पलिंग' म्हणतात. परावर्तनासाठी आसपासच्या पिक्सेलचा मेळ घालणारी पद्धत चालते. वर्गीकरणाच्या आणि बिटांच्या थराला मात्र 'सर्वांत जवळचा पिक्सेल' हीच पद्धत वापरायची. नाहीतर ४ म्हणजे वनस्पती आणि ८ म्हणजे ढग यांच्या मधे ६ तयार होईल आणि शेताच्या कडेला अचानक पाणी उगवेल.

असं सगळं आधीच करून दिलेला, म्हणजे पृष्ठभागाच्या परावर्तनात आणलेला, नेमका बसवलेला, गुणवत्तेचे थर जोडलेला डेटा म्हणजे 'विश्लेषणास तयार डेटा'. कोणत्या डेटाला तसं म्हणावं, याचे निकष पृथ्वी निरीक्षण उपग्रहांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे सीओसने, ठरवले आहेत. असा डेटा एकाच जाळीवर तारखेमागून तारीख रचला की त्याला 'डेटा क्यूब' म्हणतात. 'कंपोझिट' त्याहून वेगळं: ठरावीक दिवसांतल्या अनेक निरीक्षणांतून प्रत्येक पिक्सेलसाठी चांगलं ते निवडून केलेली एकच प्रतिमा. मोडिसचं १६ दिवसांचं वनस्पती निर्देशांकाचं उत्पादन असंच आहे. त्यात शेजारचे दोन पिक्सेल वेगवेगळ्या दिवसांचे असू शकतात, म्हणून पेरणीची नेमकी तारीख शोधायला ते वापरताना सोबत दिलेला दिवसाचा थरही वाचा.

पायरी ९: साठवा आणि वंशावळ लिहा

मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ती फक्त वाचता येईल अशी करा. तयार केलेल्या फाइल दुसरीकडे. डिस्क अपुरी पडली तर मधल्या टप्प्यांच्या फाइल उडवा. त्या कोडने पुन्हा बनतात.

निकाल कोणत्या फाइलींतून, कोणत्या पायऱ्यांनी आला, या नोंदीला 'प्रॉव्हेनन्स' म्हणतात. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हे असलं की पुरे: मूळ उत्पादनाचं पूर्ण नाव न कापता, लेव्हल, कलेक्शन किंवा बेसलाइन, कुठून आणि कधी उतरवलं, चेकसम, लावलेला स्केल आणि ऑफसेट, मास्कमध्ये ठेवलेले वर्ग, रिसॅम्पलिंगची पद्धत, सॉफ्टवेअरची आवृत्ती. पूर्ण नावाचा आग्रह यासाठी की उपग्रह, लेव्हल, निरीक्षणाची वेळ, बेसलाइन, कक्षा आणि टाइल हे सगळं त्यातच असतं. 'लाल_नवीन_अंतिम' असं नाव दिलंत की ते सगळं पुसलं जातं.

डेटासंचाला 'डीओआय' हा कायमचा ओळखक्रमांक असेल तर तो नोंदवा. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी तो बदलत नाही. परवान्याची अटही वाचा. सेंटिनेलचा डेटा मुक्तपणे वापरता येतो, पण बदल करून प्रसिद्ध केलात तर त्यात कोपर्निकस सेंटिनेलचा सुधारित डेटा आहे असं वर्षासह लिहावं लागतं.

आणि कधीतरी नवी कलेक्शन येईलच. तेव्हा जुन्या मालिकेच्या शेपटाला नव्या आवृत्तीच्या तारखा जोडू नका. ज्या काळासाठी दोन्ही आवृत्त्या उपलब्ध आहेत, तो काळ निवडून दोन्हींवर तोच कोड चालवा आणि निर्देशांकात किती फरक पडतो ते बघा. मग सगळी मालिका नव्या आवृत्तीवर पुन्हा काढा आणि जुना निकाल त्याच्या नोंदीसह तसाच जपून ठेवा.